अफूच्या रिसेप्टरपर्यंत पोहोचलेली तिरपी रेष

1877 साली हर्मान कोल्बे या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एका तरुण डच संशोधकाची छापील खरडपट्टी काढली. ती छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक कोल्बेच, त्यामुळे अडवणार कोण? युट्रेक्टच्या पशुवैद्यकीय शाळेत नोकरी करणाऱ्या या गृहस्थाला प्रयोगांची आवड दिसत नाही, म्हणून शाळेच्याच तबेल्यातून पंखवाला घोडा उसना घेऊन तो आकाशात भटकतोय, असा त्यांचा रोख होता. तरुणाचं नाव याकोबुस व्हान्ट हॉफ. त्याचा गुन्हा एवढाच, की 1874 मध्ये, बाविसाव्या वर्षी, एक छोटी पुस्तिका काढून त्याने सांगितलं होतं की कार्बनचे चार हात सपाट पसरलेले नसतात, ते चौफलकाच्या चार टोकांकडे जातात. तसं असेल तर काही रेणूंना आरशातलं जुळं भावंड असणार: घटक तेच, पण एकावर एक कधीच न बसणारं. फ्रान्समध्ये ल बेलनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच मांडलं. व्हान्ट हॉफने मात्र पुठ्ठ्याची मॉडेल्सही कापून चिकटवली.

1884 मध्ये याच माणसाने दुसरं काम केलं. रासायनिक समतोल तापमानाबरोबर कसा सरकतो, याचं समीकरण दिलं. उभ्या अक्षावर समतोल-स्थिरांकाचा लॉगरिदम मांडायचा, आडव्यावर केल्विन तापमानाचा व्यस्तांक. रेष जितकी तिरपी, तितकी त्या क्रियेत उष्णतेची देवघेव मोठी. कॅलरीमीटरला हातही न लावता उष्णता कळते. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

या दोन्ही कल्पना पुढे उंदरांच्या मेंदूत एकत्र आल्या, आणि तेही अफूच्या निमित्ताने.

मधला एक पूर्वज सहसा विसरला जातो. केंब्रिजच्या लँगलीने 1905 मध्ये म्हटलं होतं, की निकोटिन आणि क्युरारे स्नायूतल्या कुठल्यातरी ‘ग्राही द्रव्या’ला, म्हणजे आजच्या भाषेत रिसेप्टरला, जाऊन चिकटत असावीत. चिकटणं म्हणजे रासायनिक संयोग, की नुसतं आत झिरपणं? त्यांच्याच हाताखालच्या ए. व्ही. हिल या तरुणाने 1909 मध्ये बेडकाच्या पोटाचा स्नायू निकोटिनमध्ये ठेवून वेगवेगळ्या तापमानांना त्याचं आकुंचन मोजलं. तापमानाचा परिणाम रासायनिक क्रियेला साजेसा होता. औषध आणि रिसेप्टर यांच्या नात्याला थर्मामीटर लावण्याची सुरुवात मी तरी इथूनच धरतो.

अफूच्या रिसेप्टरबाबत मुळात पंचाईत वेगळीच होती. मेंदूत अफूतलं मॉर्फिन सगळीकडेच चिकटतं: चरबीला, प्रथिनांना, काचेलाही. त्यातलं खरं कोणतं? 1971 मध्ये स्टॅनफर्डच्या ॲव्हरम गोल्डस्टीननी आरशातली जोडी कामाला लावली. लेव्होर्फॅनॉल वेदना शमवतं. त्याचं जुळं डेक्स्ट्रोर्फन त्या कामात निरुपयोगी. (खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीरात गेल्यावर बनतं ते हेच.) एकाने हटतं आणि दुसऱ्याने हटत नाही, तेवढंच चिकटणं अस्सल. त्यांच्या हाती आलं जेमतेम 2 टक्के. 1973 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मॉर्फिनला अडवणारं नॅलॉक्सोन किरणोत्सारी करून वापरलं आणि तोच खेळ जिंकला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्साल्याचे लार्स टेरेनियसही तिथे पोहोचले.

हॉपकिन्सची युक्ती होती धुण्यात. उंदराचा मेंदू घोटायचा, औषधात मुरवायचा, काचतंतूंच्या गाळणीवर ओतून पंपाने खेचायचा आणि बर्फगार द्रावणाने झटकन धुवायचा. थंडीत औषध सुटण्याचा वेग मंदावतो. तेवढ्या सेकंदांत सैल चिकटलेलं वाहून जातं, रिसेप्टरवरचं टिकतं. मग गाळणी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात.

गाळण्याआधी याच मिश्रणाच्या नळ्या बर्फात, गार पाण्यात, कोमट पाण्यात ठेवल्या की व्हान्ट हॉफची रेष काढता येते. समजा औषध चिकटताना दर मोलला 10 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मग 0 अंशाला ते 37 अंशांपेक्षा सुमारे नऊपट घट्ट बसेल. उलट, उष्णता शोषली जात असेल तर गरम नळीत जास्त घट्ट. घट्टपणा म्हणजे खतावणीतली शिल्लक: एका बाजूला उष्णतेची नोंद, दुसऱ्या बाजूला एन्ट्रॉपीची, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाची. रेणूंच्या तेलकट भागांभोवती शिस्तीत उभे असलेले पाण्याचे रेणू औषध बसताना मोकळे सुटतात, तो फायदा दुसऱ्या रकान्यातला. नॅनोमोलर घट्टपणाची शिल्लक 37 अंशांना 12.8 किलोकॅलरीच्या आसपास येते. ती कुठून जमली, हे रेष सांगते.

1975 मध्येच स्नायडरांच्या चमूने दाखवलं, की तापमान बदललं तर मॉर्फिनसारखे ॲगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारे) आणि नॅलॉक्सोनसारखे अँटागोनिस्ट (तो अडवणारे) वेगळे वागतात. 1979 मध्ये वायलंड, मिनमन आणि मोलिनॉफ यांनी टर्की कोंबड्यांच्या तांबड्या पेशींतल्या बीटा-ॲड्रिनर्जिक रिसेप्टरवर स्पष्ट विभागणी मांडली: ॲगोनिस्ट उष्णतेच्या जोरावर बसतात, अँटागोनिस्ट मुख्यतः एन्ट्रॉपीच्या. लोक हरखले. औषध रिसेप्टर चालू करणार की अडवणार, हे नुसत्या थर्मामीटरने कळणार! पण 1982 मध्ये मर्फी आणि स्नायडर यांना ॲडेनोसिनच्या ए-1 रिसेप्टरवर नेमकं उलट दिसलं. सार्वत्रिक नियमाची आशा मावळली. ती फार लवकर पालवली होती, असंच म्हणावं लागतं.

शिवाय ही रेष भाबडी आहे. 0 ते 37 अंश म्हणजे 273 ते 310 केल्विन. एवढ्याशा पट्ट्यात थोडी चूकही उतार बदलते. थंड नळीत समतोल यायला फार वेळ लागतो. घाईने गाळलं तर बांधणी उगाच कमजोर दिसते. तापमानाने पेशीपटलाची चरबी घट्ट-सैल होते, रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनशी जोडणी बदलते, मग रेष वाकते. उष्णता थेट मोजावी, तर मेंदूत रिसेप्टर अतिशय थोडे: हिशेब पिकोमोलमध्ये, म्हणजे मोलच्या लाख-कोटीव्या भागात.

आणि सोडिअम. द्रावणात मीठ टाकलं की नॅलॉक्सोनची बांधणी वाढते, ॲगोनिस्टांची घटते, हे पर्ट, पास्टर्नाक आणि स्नायडर यांनी 1973 च्या अखेरीस नोंदवलं होतं. कारण डोळ्यांना दिसलं 2014 मध्ये, अफूच्या रिसेप्टरांपैकी डेल्टा रिसेप्टरच्या 1.8 अँगस्ट्रॉम बारकाव्याच्या रचनेत: औषधाच्या खाली, पाण्याच्या रेणूंच्या घोळक्यात, सोडिअमचा एक आयन बसलेला. रिसेप्टर चालू स्थितीत गेला की ती पोकळी आकसते आणि आयनाला जागा उरत नाही. म्हणजे मिठाच्या द्रावणात ॲगोनिस्टची जी रेष काढली जाई, तिच्या उतारात औषधाच्या बसण्याबरोबर सोडिअमचं उठून जाणंही मिसळलेलं होतं.