खानदेशातील साधनचिकित्सेची परंपरा आणि विद्यापीठीय माहिती साक्षरतेची मानके

माहिती साक्षरता ही संज्ञा पॉल झुर्कोव्स्की यांनी अमेरिकेत १९७४ मध्ये योजली. तेथील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली उच्च शिक्षणासाठी पाच मानके ठरविली: माहितीची गरज ओळखणे, ती मिळविणे, तिची चिकित्सा करणे, तिचा सहेतुक उपयोग करणे आणि त्यात नैतिक व कायदेशीर मर्यादा पाळणे. ग्रंथालयशास्त्राच्या वाटेने ही मानके आपल्याकडे आली. परंतु त्यांतील चिकित्सेचे मानक खानदेशास परके नव्हते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. बखरी आणि ग्रँट डफचा इतिहास त्यांनी अस्सल पत्रांशी ताडून पाहिला. कागद कोणी, कोणास, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिला हे ठरल्याखेरीज त्यास पुरावा मानावयाचे नाही, ही ती शिस्त होय. (त्यांच्या अनेक व्युत्पत्ती मात्र पुढील अभ्यासकांस मान्य झाल्या नाहीत. कागद पारखणारा अनुमानातही सावध असतोच असे नाही.) ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

ही शिस्त मंडळात टिकली, वर्गात मात्र उतरली नाही. खानदेशातील महाविद्यालये आधी मुंबई व नंतर पुणे विद्यापीठास संलग्न होती. जळगाव येथे स्वतंत्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. अंतर कमी झाले, परीक्षापद्धती तीच राहिली. नेमलेले पुस्तक आणि बाजारातील मार्गदर्शक यांवर इतिहासाची पदवी मिळू शकते. मूळ कागद पाहण्याची गरज पडत नाही. ग्रंथालय परिचय म्हणजे तालिका कशी पाहावी एवढेच, असा समजही त्यास पोषक ठरला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्यास दंड ठरविला. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य त्यातून वगळले. संगणक साम्य मोजतो, साधनाची विश्वसनीयता मोजत नाही. त्यामुळे पाचव्या मानकास बळ मिळाले, तिसरे मागे राहिले. अमेरिकेत २०१६ मध्ये जुनी मानके मागे घेऊन नवी चौकट स्वीकारण्यात आली. अधिकार कोणत्या संदर्भात व कसा घडतो, हा तिच्यातील एक मुख्य विचार राजवाड्यांच्या प्रश्नांच्या बराच जवळ जातो. धुळ्यातील कागदांना हे प्रश्न विचारावयाचे तर प्रथम मोडी वाचता यावी लागते, आणि ती शिकल्याविनाही इतिहासाचा पदवीधर होता येते.