झाडीपट्टीतला रुसलेला बाप

दिवाळी जवळ आली की वडशाच्या मुख्य रस्त्यावर नाटक मंडळांची कार्यालयं गजबजतात. दाराशी रंगीत बोर्ड उभे राहतात, आत टेबलावर तारखांची वही उघडी असते, आणि अर्जुनी, लाखांदूर, कुरखेडा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडची माणसं आपल्या गावासाठी नाटक ठरवायला येतात. बोर्डांवरची नावं ओळीने वाचत गेलं तर कुंकू, रक्त, माय, बाप, लेक हेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. आमच्या नाटकात प्रेम असतं, लावणी असते, खलनायक असतो, हसवणारा गडी असतो. पण गेली कितीतरी वर्षं या सगळ्यांच्या मधोमध एक म्हातारा बाप उभा आहे. मुलांनी टाकलेला, मुलांवर चिडलेला, रात्री दोनच्या थंडीत हजारो माणसांना रडवणारा.

मी प्रॉम्प्टर. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि प्रयोग जवळजवळ रोजचे. आजचं गाव वेगळं, उद्याचं वेगळं, कधी कधी नटसंचही वेगळा. म्हणून आमच्याकडे प्रॉम्प्टरशिवाय पडदा वर जात नाही. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि तोवर विंगेतून प्रत्येक वाक्य नटाच्या कानापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. त्यामुळे या बापाची सगळी भाषणं मी त्याच्याही आधी उच्चारली आहेत. तो कुठून आला, हे सांगण्याचा मला म्हणूनच थोडा अधिकार आहे असं वाटतं.

आमच्या रंगभूमीचं मूळ दंडार या लोकनाट्यात आहे. धान कापून झाला, हातात चार पैसे आले की भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा भरायची आणि रात्री दंडार उभी राहायची. खडी गंमत, गोंधळ, डहाका हे तिचे सोबती. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून हा ठेवा नोंदवून ठेवला, म्हणून आज त्याविषयी ठामपणे बोलता येतं. दंडारीत पुराणातल्या कथा यायच्या, आणि पुराणात बापाला तोटा नाही. वचनासाठी मुलाला वनात धाडून झुरत मरणारा दशरथ, मुलगा आपला देव मानत नाही म्हणून त्याच्या जिवावर उठणारा हिरण्यकश्यपू. बाप-लेकाचं वैर आमच्या माणसाला परकं नव्हतंच. फक्त तिथे बाप राजा होता. त्याची धानाची बांधी, त्याचा सातबारा, त्याचा दमा यांबद्दल कोणी बोलत नसे.

पुढे दंडारीतून नाटक आलं आणि मुंबई-पुण्याच्या संहिताही आल्या. गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वडशावरून धावू लागली होती. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरही कितीतरी वर्षं अख्ख्या जिल्ह्याला रेल्वे स्थानक एकच, ते वडशाचं. नट, वादक, सामान उतरायला सोयीचं गाव हेच. नाटकांचा बाजार इथे जमला त्यात या गाडीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

त्याच मुंबई-पुण्याच्या मराठी रंगभूमीवर दहा वर्षांच्या काळात बाप आणि मुलं यांच्यातल्या दुराव्यावर तीन मोठी नाटकं आली. १९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’: छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजीराजे. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’: सगळं मुलांना देऊन बसलेले गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर. त्याचा पहिला प्रयोग गोवा हिंदू असोसिएशनने केला, भूमिका डॉ. श्रीराम लागूंची आणि दिग्दर्शन आमच्या विदर्भाचे, नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं. १९७२ साली पुन्हा कानेटकर, ‘हिमालयाची सावली’: महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेले नानासाहेब भानू, ज्यांनी संस्था उभी केली आणि ज्यांच्या घराने त्याची किंमत मोजली.

या तिन्ही नाटकांत मुलांना बोलायला जागा आहे. संभाजीराजे वडिलांसमोर आपली बाजू मांडतात आणि प्रेक्षकाला ती पटते. नानासाहेबांच्या मुलांची तक्रार खरी आहे: बाप समाजाचा झाला, आमचा झाला नाही. आणि अप्पासाहेब? ते दारू पितात, तोंडाने फटकळ आहेत, दुसऱ्याच्या घरात आपल्याच तोऱ्यात वावरतात. त्यांच्या लेकीने, नलूने, चोरीचा संशय घेतला तेव्हा काळीज तुटतं. तरी त्याआधी घरात काय धुमसत होतं हे शिरवाडकरांनी लपवलेलं नाही. ‘नटसम्राट’च्या मागे शेक्सपिअरचा लिअर राजा उभा आहे, आणि लिअरचं दुःख सुरू होतं ते त्याच्या स्वतःच्या वाटणीपासून. जी मुलगी गोड बोलली नाही तिला त्याने काहीच दिलं नाही.

वाटणी म्हटली की आमच्या प्रेक्षकाचे कान टवकारतात. इथलं जगणं धानावर. बांधी लहान, पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावाचं नाहीतर बोडीचं, आणि एका धुऱ्यावरून तीन पिढ्या भांडतात. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मापासून. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली तोच हक्क मुलीलाही दिला. म्हणजे बाप जिवंत असतानाच हिस्सा मागता येतो, आणि मागितला की बापाला वाटतं, पोरगा माझ्या मरणाची वाट पाहतो. मुलाला वाटतं, म्हाताऱ्याने सातबारा धरून आमचं आयुष्य अडवलं. त्यातच रुंद झालेल्या रेल्वेने पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला नेली. घरी राहिला त्याला धाकट्याच्या पगाराचा राग, बाहेर गेला त्याला थोरल्याच्या पिकाचा हिशेब हवा. दोघांच्या मध्ये खाटेवर बसलेला बाप दोघांशीही बोलेनासा होतो.

हा बाप आमच्या लेखकांनी उचलला, आणि मनापासून उचलला. त्यांच्यामुळे बांधीतला म्हातारा पहिल्यांदा रंगमंचाच्या मध्यावर आला. त्याच्या शेजारी हसवणारा गडीही आला. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती अशाच हसवण्याच्या जोरावर. अंगावर येणारं दुःख रात्रभर सोसायचं तर मध्ये मध्ये पोट धरून हसावंच लागतं, हे शहाणपण आमच्या रंगभूमीने दंडारीपासून जपलं आहे.

पण प्रॉम्प्टरच्या हातात वही असते, आणि वहीत जे दिसतं ते प्रेक्षागृहातून दिसत नाही. बापाचं स्वगत दोन पानं. मुलाच्या वाट्याला दोन वाक्यं, तीही बायकोने शिकवलेली. सून लोभी, मुलगा बुळा, बाप देवमाणूस. असा बाप लोकांना रडवतो, टाळ्या घेतो आणि घरी जाताना प्रत्येक म्हाताऱ्याला सांगतो की तुझं काही चुकलं नाही. मला याचं वाईट वाटतं. आमच्यातले एक ज्येष्ठ नट वर्षानुवर्षं हा बाप करत आले. त्यांचा स्वतःचा मुलगा दूरच्या शहरात, बोलणं बंद. एकदा प्रयोगानंतर शेकोटीशी बसलो असताना ते म्हणाले, “मास्तर, रोज रात्री शेकडो लोकं माझ्याकडून रडतात. माझ्या पोराकडून रडणारा एकही नाही. मग त्यानं यावं कसं?” मी पुष्कळ संहिता वाचल्या आहेत, पण या विषयावर याहून खरं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

कायद्याने यात हात घातला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली म्हातारे आईबाप निर्वाह खर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, मुलांनी सांभाळलं नाही तर परत मागता येते. ज्याच्या ताटात भाकर नाही त्याला हा कायदा हवाच, आणि त्याने लाज न बाळगता तो वापरावा. मात्र न्यायाधिकरण पैसे देववू शकतं. मुलाला उंबरठ्यावर आणणं त्याच्या हातात नाही.

ते काम आमच्याकडे एक जुनी रीत करत आली आहे, आणि तिच्यासाठीच हा सगळा लेख. गावात नाटक ठरलं की घरोघरी पाहुण्यांना बोलावणं जातं. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, शहरातली पोरं रजा टाकून येतात. मंडई असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्री नाटक हवंच. मध्यंतरी शर्यतींवर बंदी होती तेव्हाही मंडईच्या नाटकांना पाहुणे येत राहिले. नाटकाच्या दिवसांत मुलामुलींची लग्नं जुळतात, जुने व्यवहार मिटतात. या बोलावण्याची खुबी अशी की त्यात कोणालाच वाकावं लागत नाही. वर्षभर अबोला धरलेला बाप “माफ कर, ये” असं म्हणणार नाही, पण “गावात नाटक आहे” एवढं म्हणू शकतो. मुलगाही बापासाठी आलो असं कबूल न करता येऊ शकतो. मग दोघं एकाच मांडवात बसतात आणि समोर त्यांचंच भांडण सुरू होतं.

अशा वेळी रंगमंचावरच्या मुलाला तोंड नसेल, तर मांडवातला मुलगा आरोपी म्हणून बसतो आणि पहाटेच्या गाडीने निघून जातो. म्हणून माझी आमच्या लेखकांना हात जोडून विनंती आहे. पावसाळ्यात, पुढच्या हंगामाच्या संहिता लिहायला बसाल तेव्हा मुलालाही दोन पानं द्या. त्याला म्हणू द्या की वाटणीत डावंउजवं झालं, की मनासारखी बायको केली म्हणून घर बंद झालं, की आई मार खात होती तेव्हा आम्ही लहान होतो. बापाला ते सगळं ऐकून घेऊ द्या. अप्पासाहेब आणि नानासाहेब आजही मोठे वाटतात ते त्यांच्या दोषांसकट, आणि आमचा बांधीतला बापही तेवढा मोठा होऊ शकतो. आणि ज्या बापांनी वर्षानुवर्षं अबोला धरला आहे त्यांना एवढंच सांगेन: यंदा गावात नाटक ठरलं की तारीख मुलाला स्वतः कळवा. निरोप दुसऱ्याकडून धाडू नका.