नाडीपासून गोळीपर्यंत

शार्ङ्गधरसंहितेंतील नाडीपरीक्षेस वैद्याचीं बोटें रोग्याच्या मनगटावर असावीं लागत. हें अंतर जिंकण्याचा प्रयत्न म्हणजेच देहावर वागविण्याच्या यंत्रांचा इतिहास होय. १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेंत नॉर्मन होल्टर यांनीं हृदयाचीं विद्युत्स्पंदनें बिनतारी कळविणारें यंत्र पाठीवर वाहिलें. वजन सुमारें ३८ किलो! १९५७ सालीं मॅके व जेकबसन यांनीं गिळावयाची गोळी सिद्ध केली. ती पोटांतून दाब व उष्णमान कळवी. आज हृदयाची चाल मनगटी घड्याळही टिपतें.

शहापूर-मुरबाडच्या डोंगरवाड्यांस याचें मोल विशेष; तेथें रोगी व वैद्य यांमध्यें ओढे आणि पावसाळा आडवे येतात. परंतु यंत्र व्याधीची वार्ता देतें, औषध नव्हे. वार्ता ऐकून निघणारा वैद्य व त्यास पोंचविणारा रस्ता नसेल, तर ती वाऱ्यावरच जाणार.