गेलेल्या अधिकाराचा पुन्हा कौल

राजेशाहीत ज्याचे सिंहासन गेले, त्यास ते परत मिळविण्याचे मार्ग बहुधा दोनच असत : फौज किंवा फितुरी. लोकशाहीने तिसरा मार्ग उघडला. ज्या लोकांनी आपणांस घरी बसविले, त्यांच्याच दारी जाऊन पुन्हा कौल मागणे, हा तो मार्ग होय. या मार्गाने कोण गेले, पोचले कोण आणि वाटेत राहिले कोण, हा प्रश्न आमच्या सोलापुरासही परका नाही. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेच्या अध्यक्षांत या मार्गाचा पहिला ठळक पांथस्थ मार्टिन व्हॅन ब्युरेन. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने त्याची कारकीर्द झाकोळली व १८४० साली तो पराभूत झाला. १८४४ साली स्वपक्षाच्या परिषदेत पहिल्या फेरीत त्यास बहुमत मिळाले. परंतु नियम दोन तृतीयांश मतांचा होता, आणि टेक्सास प्रांत संघराज्यात घेण्यास त्याने विरोध केल्यामुळे दक्षिणेकडील मंडळी त्याच्यावर रुष्ट होती. उमेदवारी गेली ती गेलीच. १८४८ साली नव्या पक्षातर्फे तो पुन्हा उभा राहिला, परंतु एकही राज्य त्याच्या हाती आले नाही.

ग्रोव्हर क्लीव्हलंडचे दैव निराळे. परदेशी मालावरील जकात कमी करावी, हा विषय त्याने १८८७ साली निर्भयपणे पुढे मांडला. १८८८ साली लोकांची मते अधिक पडूनही निर्वाचकांच्या गणतीत तो बेंजामिन हॅरिसनकडून हरला. पुढे हॅरिसनच्या राजवटीत, १८९० साली, जकात आणखी वाढली, लोकांत असंतोष माजला आणि १८९२ साली त्याच हॅरिसनला हरवून क्लीव्हलंड परत आला. असे पुनरागमन त्यानंतर एकदाच घडले : २०२० साली हरलेले डोनाल्ड ट्रम्प २०२४ साली पुन्हा निवडून आले. मात्र क्लीव्हलंडच्या परतण्याचा शेवट वाचकांनी विसरू नये. १८९३ साली भयंकर मंदी आली, आणि १८९६ साली त्याच्याच पक्षाने त्याच्या नाणेधोरणाच्या कट्टर विरोधकास, ब्रायनला, उमेदवारी दिली. पद परत मिळाले तरी अनुकूल काळ त्याच्यासवे परत येतोच असे नाही.

आपल्याकडे लोकसभेत बसावयाचे तर पंतप्रधानासही वा मंत्र्यासही आपल्या मतदारसंघाचा कौल मिळवावा लागतो. १९७७ साली इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. १९७८ साली त्या चिकमगळूरहून लोकसभेत आल्या, आणि जनता पक्षाची शकले झाल्यावर १९८० च्या आरंभी पुन्हा पंतप्रधान झाल्या.

आता सोलापुराकडे वळू. येथील न्यायालयातील साध्या नोकरीपासून सुरुवात करून श्री. सुशीलकुमार शिंदे १९७४ साली करमाळ्याहून विधानसभेत गेले, २००३ साली राज्याचे मुख्यमंत्री व २०१२ साली केंद्राचे गृहमंत्री झाले. गृहमंत्री असतानाच २०१४ साली ते स्वतःच्या शहरात शरद बनसोडे यांच्याकडून सुमारे दीड लाख मतांनी पराभूत झाले. २०१९ साली वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुन्हा कौल मागितला. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. तिसरे आलेले प्रकाश आंबेडकर यांस सुमारे १ लाख ७० हजार मते पडली, म्हणजे विजयाच्या फरकाहून अधिक. ती मते अन्यथा कोठे गेली असती हे कोणी सांगू शकत नाही. परंतु विरोधाची मते दुभंगली होती एवढे उघड आहे. २०२४ साली त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी ती जागा जिंकली.

या सर्व उदाहरणांवरून आम्हांस एक गोष्ट दिसते. पूर्वसेवेची आठवण मतदारास एकटी पुरत नाही. क्लीव्हलंड काय किंवा इंदिराबाई काय, परतले ते नंतरच्या राजवटीचा लोकांस वीट आला तेव्हा. आणि व्हॅन ब्युरेन हरला तेव्हा त्याचे स्वतःचे घरच फुटलेले होते. मागील सेवेबद्दल कृतज्ञता बाळगूनही मतदार पुढील पाच वर्षांचाच विचार करतो. यास कृतघ्नता म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. मत हे मागील ऋणाची फेड ठरले, तर निवडणुकीस अर्थच उरणार नाही.

पराभूतांपुढे आणखीही एक वाट असते. जॉन क्विन्सी ॲडम्स १८२८ साली अध्यक्षपद गमावून बसला. त्याने ते पुन्हा मागितले नाही. १८३१ पासून १८४८ साली मृत्यू येईपर्यंत तो साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसला. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांची चर्चाच होऊ न देणारा नियम त्याने वर्षानुवर्षे झुंजून १८४४ साली रद्द करविला. ॲडम्सचे नाव आज आदराने घेतले जाते, ते अध्यक्षपदाच्या चार वर्षांपेक्षा या सतरा वर्षांमुळेच अधिक. पुन्हा कौल मागण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. तो मागताना आपणांस पद हवे आहे की काम, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे, आणि मतदारानेही त्यास तेच विचारावे.