हलके, मजबूत, स्वस्त : शर्यतीच्या चाकाचा शंभर वर्षांचा इतिहास

१. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राच्या गाडीचे चाक घाटातल्या खड्ड्यात तडकले. देखणे, हलके आणि स्वस्त म्हणून त्याने ते हौसेने बसवले होते. वेग कमी होता, म्हणून निभावले. गॅरेजमधले मिस्त्री सहज म्हणाले, "मॅगव्हीलचं असंच असतं." चाक तर ॲल्युमिनियमचे होते. मग त्याला 'मॅग' का म्हणायचे? मित्रहो, आजचा थ्रेड या एका शब्दापासून सुरू होतो.

२. शब्द हीदेखील इतिहासाची साधने असतात. वस्तू बदलते, नाव मागे उरते. 'मॅग' हे मॅग्नेशियमचे लघुरूप. एके काळी शर्यतीच्या गाड्यांची चाके खरोखरच या धातूची असत. मात्र त्याआधीचा एक टप्पा पाहायला हवा.

३. त्या टप्प्यात शर्यतीच्या गाडीला सहसा तारांच्या आऱ्यांचे चाक असे. ते हलके होते, पण तारा सैल पडत आणि पुन्हापुन्हा ताणाव्या लागत. १९२४ साली एत्तोरे बुगाटीने 'टाइप ३५' ही गाडी ल्यों येथील ग्रां प्रीत उतरवली. तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. चाक काढले की ब्रेकची तपासणी आपोआप होई.

४. त्या दिवशी मात्र टायरांनी दगा दिला. बुगाटीच्या गाड्या सातव्या क्रमांकाच्या पुढे जाऊ शकल्या नाहीत. जिंकली ती अल्फा रोमिओची 'पी २', आणि तिला जुन्याच पद्धतीची तारांची चाके होती! नवी कल्पना पहिल्याच दिवशी विजयी होते, हा आपला गोड गैरसमज आहे. 'टाइप ३५'चे यश पुढच्या वर्षांत आले आणि ते विपुल आले.

५. चाकाचे वजन इतके महत्त्वाचे का? चाक स्प्रिंगच्या खाली असते. ते जड असेल तर खड्ड्यावरून उसळल्यावर रस्त्याला पुन्हा टेकायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टायरची पकड सुटते. शिवाय चाक गाडीबरोबर पुढेही जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. म्हणजे वेग घेताना त्याला दोनदा ढकलावे लागते.

६. येथे एक दंतकथा तपासून घेऊ. 'चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो' असे सर्रास सांगितले जाते. गणित तसे सांगत नाही. सगळे वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला आहे असे धरले, तरी वेग घेताना त्याचा भार दुपटीपलीकडे जात नाही. धातूची धाव त्या कडेच्या आत असते, म्हणून प्रत्यक्ष आकडा दुपटीहूनही कमी. लाभ खरा आहे, पण दहापट नाही.

७. आता मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमची घनता २.७०, मॅग्नेशियमची १.७४, तर पोलादाची सुमारे ७.८५. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी मॅग्नेशियमचे उत्पादन प्रचंड वाढले आणि युद्धानंतर ते कसब शर्यतींकडे वळले. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाके इंडियानापोलिसच्या गाड्यांवर दिसू लागली. 'मॅग' हा शब्द याच काळाची देणगी.

८. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात छोट्या 'मिनी'साठी 'मिनिलाइट' हे आठ आऱ्यांचे मॅग्नेशियमचे चाक आले. रॅलीच्या खडकाळ वाटांवर ते टिकले, म्हणून नावाजले. पुढे त्याची ॲल्युमिनियमची आवृत्ती निघाली आणि शर्यतीचे रूप सामान्य तरुणाच्या गाडीवर आले. रूप आले, धातू बदलला आणि नाव तेच राहिले. मिस्त्रींच्या शब्दाचे मूळ येथे आहे.

९. धातू बदलण्याला कारणे होती. मॅग्नेशियम ओलावा आणि मीठ यांनी लवकर झिजते, त्याची सतत निगा राखावी लागते. एकदा पेटले की विझवणे कठीण, पाण्याने तर आग अधिकच भडकते. १९५५च्या ल मान्स दुर्घटनेत मर्सिडीजचे मॅग्नेशियम मिश्रधातूचे बाह्य कवच असेच पेटले. त्या अपघातात ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. बहुतेक बळी गाडीचे भाग प्रेक्षकांत घुसल्याने गेले, हे खरे. तरीही या धातूचा स्वभाव जगाने त्या दिवशी पाहिला.

१०. दुसरा मार्ग जर्मनीने दाखवला. १९६६मध्ये पोर्शच्या '९११ एस' गाडीला फुक्स कंपनीचे घडीव ॲल्युमिनियमचे चाक मिळाले. ओतीव धातूत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. प्रचंड दाबाखाली घडवलेल्या धातूचे कण मात्र घट्ट बसतात. म्हणून कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. पण घडाई महाग. हलके आणि मजबूत जमले, स्वस्त हुकले.

११. या तिन्हींचा मेळ घालण्याचा नेटाचा प्रयत्न जपानमध्ये झाला. 'रेज' कंपनीचे 'टीई ३७' हे घडीव चाक १९९६चे. नावातला ३७ हा आकडा ३.७ किलो वजनाचा. 'एन्काई' कंपनीने वेगळी वाट धरली : मधला भाग ओतायचा, मग धाव तापवून, फिरवत, रुळांखाली दाबून पातळ आणि लांब करायची. घडीव चाकाच्या जवळ जाणारी ताकद, किंमत मात्र बरीच कमी. पुणेकरांसाठी जोड : याच एन्काईचा कारखाना शिरूर तालुक्यात शिक्रापूर येथे आहे.

१२. या प्रयत्नांना हक्काची गाडी लाभली ती माझ्दाची 'एमएक्स-५'. १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली ही छोटी, हलकी स्पोर्ट्स कार. तिचे मूळचे १४ इंची सात आऱ्यांचे चाक पाहताच मिनिलाइट आठवते. तिचे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. हेच माप अनेक साध्या गाड्यांचे असल्याने चाकांची निवड विपुल आणि किंमत आवाक्यात.

१३. मग निवड कशी करावी? इतिहासाचा विद्यार्थी साधनाची करतो तशी. आधी बाह्य परीक्षण : बोल्टचे वर्तुळ, मधल्या छिद्राचा व्यास (पहिल्या एमएक्स-५साठी ५४.१ मिलिमीटर), चाक किती आत बसते, ब्रेकला जागा उरते का. मग अंतर्गत परीक्षण : चाक किती भार पेलते? अधिक जड आसावरच्या भाराच्या निम्म्याहून तो आकडा कमी असता कामा नये. वजनाचा विचार त्यानंतर.

१४. जपानी चाकांवर 'जेडब्ल्यूएल' ही खूण असते. ती उत्पादकाने स्वतः दिलेली ग्वाही. 'व्हीआयए' ही खूण मात्र स्वतंत्र चाचणीची. पण बनावट ताम्रपटावरही राजमुद्रा असतेच! म्हणून खुणेइतकेच महत्त्व विक्रेत्याच्या पावतीला आणि उत्पादकाच्या नोंदीला.

१५. मित्राच्या तडकलेल्या चाकावर भाराचा आकडा नव्हता आणि उत्पादकाचे नावही नव्हते. शंभर वर्षांत कारागिरांनी हलके, मजबूत आणि स्वस्त यांतले अंतर पुष्कळ कमी केले, पण ते कधीच शून्य झाले नाही. जिथे ते शून्य झाल्याचा दावा दिसेल, तिथे या तिन्हींपैकी काय गुपचूप वगळले आहे, हे आधी विचारा. मित्राने आता मूळची पोलादी चाके परत बसवली आहेत आणि नव्या चाकांसाठी पैसे साठवतो आहे. थ्रेड समाप्त.