माथाडीची पाठ आणि कंटेनर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुंबईच्या मालवाहतुकीचा बराचसा भार माणसाच्या पाठीवर होता. दाणाबंदर या धान्यबाजारात ट्रक लागला की मुकादमाची टोळी पुढे येई; वरचे दोघे आकड्याने पोते कडेला ओढून देत, खालचा कामगार क्विंटलभराचे ते ओझे पाठीवर तोलून घेऊन वाकूनच गोदामात शिरे आणि तेथे पोत्यांची थप्पी लागे. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतील डोंगरी तालुक्यांतून आलेल्या या ओझेवाहू, म्हणजे माथाडी, कामगारांना ना ठरलेला मालक होता, ना ठरलेली मजुरी. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. नोंदणीकृत मालकाने मजुरी आणि तिच्यावर टक्केवारीने आकारलेली रक्कम, म्हणजे लेव्ही, कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना यांची सोय करायची, ही व्यवस्था असंघटित श्रमाच्या इतिहासात खरोखरच मोलाची आहे.

हा कायदा आकाराला येण्यापूर्वीच अमेरिकेत पाठीची गरज संपवणारे तंत्र अवतरले होते. माल्कम मॅक्लीन या ट्रकव्यावसायिकाने ट्रकचा सांगाडा वगळून केवळ मालाची पेटी जहाजावर चढवण्याची कल्पना राबवली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. मुंबईजवळ न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर कारखान्यातच भरून सील केलेला कंटेनर ट्रेलरवरून थेट क्रेनखाली जाऊ लागला. वाटेतली चढउतार गळाली. निर्यातदाराने स्वतः बंद केलेल्या कंटेनरला २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील लागू लागले आणि बंदरात ते उपकरणानेच वाचले जाऊ लागले.

तरीही पाठ पुरती सुटलेली नाही. लाकडी पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता येणाऱ्या चौकटीवर, न रचलेला सुटा माल आजही तापलेल्या पत्र्याच्या पेटीत शिरून माणसेच छतापर्यंत रचतात. जिथे यंत्र आले तिथे मात्र वेगळाच प्रश्न आहे: माथाडीची मजुरी अनेकदा टनावर मोजली जाते; जो टन यंत्राने उचलला त्यावरील लेव्ही कोणाची, हा वाद मालक आणि संघटना यांच्यात उभा राहतो. यंत्रामुळे टनामागे वाचलेल्या खर्चाचा हिशेब मालवाहतुकीच्या इतिहासात तपशिलाने मांडला जातो, त्या बचतीतील कामगाराच्या वाट्याचा हिशेब मात्र क्वचितच आढळतो.