ऑक्टाव्हिया: शेंद्र्यातली युरोपियन सेडान आणि तिची पत

आजचा भाग एका गाडीचा आहे, पण घाबरू नका, हा रिव्ह्यू नाही. मायलेज किती, सनरूफ आहे का, याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. आज इतिहास. आणि शेवटी एक निर्णय, जो मी मागच्या महिन्यात घेतला.

गाडी कोणती? स्कोडा ऑक्टाव्हिया. मी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. आमच्या लहानपणी जालना रोडवरून ऑक्टाव्हिया गेली की आम्ही खेळ थांबवून बघायचो. ती पुढ्यातली जाळी, तो पंखवाला बाण. आणि त्यात एक वेगळाच तोरा होता: ही गाडी आपल्या गावात बनते. शेंद्रा एमआयडीसीत. आमच्या शेजारचे काका तिथे असेंब्ली लाइनवर होते. चेक देशातून मोठमोठ्या पेट्यांत सुटे भाग यायचे आणि काका ते जोडायचे.

आता मी सत्तावीस-अठ्ठावीसचा झालो, हातात थोडे पैसे आले, आणि प्रश्न पडला: नवी छोटी सेडान घ्यायची की जुनी ऑक्टाव्हिया? ज्याला विचारलं तो एकच बोलला, "जुनी स्कोडा? वेडा झालास का?" मला प्रश्न पडला की हे मत आलं कुठून? गाडी वाईट आहे म्हणून, की नाव वाईट झालंय म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या असतात. त्याचा शोध घेताना मी थेट १८९४ सालात पोचलो.

तर ऐका. तेव्हा चेक प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. म्लादा बोलेस्लाव्ह नावाच्या गावात व्हात्स्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याने जर्मन कंपनीची सायकल घेतली आणि ती बिघडली. त्याने कंपनीला चेक भाषेत तक्रारीचं पत्र लिहिलं. उत्तर जे आलं त्याचा सार असा: उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. म्हणजे जर्मनमध्ये.

क्लेमेंट भडकला. व्हात्स्लाव लॉरिन नावाच्या मेकॅनिकला त्याने सोबत घेतलं आणि १८९५ मध्ये दोघांनी स्वतःचा सायकलींचा धंदा सुरू केला. पुढे मोटारसायकली आल्या, १९०५ मध्ये मोटार आली. १९२५ मध्ये प्ल्झेनच्या स्कोडा कारखान्याने ही कंपनी घेतली, आणि आजचं नाव लागलं.

म्हणजे बघा, ही कंपनी जन्मली कशातून? खराब आफ्टर-सेल्स सर्व्हिसमधून! ही गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारी झाला. १९५९ मध्ये पहिली ऑक्टाव्हिया आली. लॅटिनमध्ये अर्थ "आठवी". त्या काळात ती चांगली गाडी मानली जायची. पण पुढच्या दशकांत समाजवादी व्यवस्थेत नव्या तंत्रज्ञानाला पैसा कमी पडत गेला. मागे इंजिन असलेली जुनी रचना स्कोडाने १९८० च्या दशकातही चालूच ठेवली. ब्रिटनमध्ये या गाड्या स्वस्तात विकल्या जायच्या आणि लोक त्यांच्यावर विनोद करायचे. "स्कोडाच्या मागच्या काचेला हीटर का असतो? धक्का मारताना हात गरम राहावेत म्हणून." असे शेकडो विनोद. पत म्हणून काही उरली नव्हती.

मग १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळली. नव्या सरकारला स्कोडासाठी परदेशी भागीदार हवा होता. शर्यतीत रेनॉ आणि फोक्सवॅगन होते. फोक्सवॅगन जिंकली आणि १९९१ मध्ये भागीदारी सुरू झाली. १९९६ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आली. खालचा प्लॅटफॉर्म तोच, जो फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी ए३ ला होता. वरचं रूप देणाऱ्या टीमचा प्रमुख होता बेल्जियन डिझायनर डर्क व्हान ब्रेकेल, जो पुढे बेंटलीचा डिझाइनप्रमुख झाला. शांत, सरळ रेषा. आज तीस वर्षांनीही ती गाडी जुनाट दिसत नाही.

एक तांत्रिक गोष्ट. आपण हिला सेडान म्हणतो, पण ही खरं तर लिफ्टबॅक. डिकी उघडली की मागची काचही वर जाते. पहिल्या पिढीची डिकी ५२८ लिटरची. गणपतीला गावाला जाताना दोन कुटुंबांचं सामान मावेल इतकी.

ब्रिटनमध्ये मात्र विनोद लगेच थांबले नाहीत. २००० साली कंपनीने जाहिरातींत स्वतःवरच विनोद केले: लोकांना गाडी आवडते, पण स्कोडा आहे म्हटल्यावर विश्वास बसत नाही. हळूहळू लोक वापरून बघत गेले. पुढे तिथल्या पोलिसांनी ऑक्टाव्हिया घेतल्या, टॅक्सीवाल्यांनी घेतल्या. टॅक्सीवाला भावनेने गाडी घेत नाही मंडळी, तो पर किलोमीटर खर्च बघतो. विनोदापासून पोलीस चौकीपर्यंत यायला पत कमवावी लागली, आणि त्याला वर्षं लागली.

आता आपल्याकडे या. २००१ मध्ये शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात झाली. आपल्याकडे तो विनोद कुणाला माहीतच नव्हता! आपल्याला दिसली ती जड दरवाज्याची, १.९ टीडीआय डिझेल इंजिनवाली युरोपियन गाडी. डॉक्टर, बिल्डर, बागायतदार यांची गाडी. म्हणजे जी पत युरोपात घासून कमवावी लागत होती, ती इथे पहिल्या दिवशी फुकट मिळाली.

दुसरी पिढी आली तेव्हा पहिली इथे अजून विकली जात होती, म्हणून नवीला "लॉरा" नाव दिलं. २०१३ मध्ये तिसरी पिढी आली आणि ऑक्टाव्हिया हे नाव परत आलं, सुरुवात १३.९५ लाखांपासून, एक्स-शोरूम. २०२१ ची चौथी पिढी २५.९९ लाखांपासून. भारतात एक लाखाहून जास्त ऑक्टाव्हिया विकल्या गेल्या. आणि २०२३ मध्ये नवे उत्सर्जन नियम आले तेव्हा ही गाडी इथे बंद झाली.

मग फुकट मिळालेली ती पत गेली कुठे? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, सुटे भाग. गाडी इथे जुळायची, पण बरेच भाग बाहेरून यायचे. साहजिकच महाग आणि उशिरा. कंपनीलाही हे कळलं होतं. २०१८ मध्ये "इंडिया २.०" नावाने १ अब्ज युरोची योजना जाहीर झाली, त्यात भर होता स्थानिकीकरणावर. त्यातूनच चाकणला बनणारी स्लाव्हिया आली. आणि नाव बघा: लॉरिन आणि क्लेमेंट आपल्या पहिल्या सायकली याच नावाने विकायचे, स्लाव्हिया. तक्रारीतून जन्मलेलं नाव, आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा तक्रारींच्या उत्तरासाठी वापरलेलं.

दुसरं, डीएसजी गिअरबॉक्स. हे नीट समजून घ्या, कारण जुनी गाडी घेताना सगळा खेळ इथे आहे. यात दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो. आमच्या भाषेत प्रीफेच. मस्त कल्पना. पण याचे प्रकार आहेत. सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता नेतं. सात गिअरच्या एका प्रकारात क्लच कोरडे असतात. हा कोरडा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतचा टॉर्क पेलतो. आणि तिसऱ्या पिढीच्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाचा टॉर्क किती? बरोबर २५०. म्हणजे काठोकाठ. त्यात आपलं ट्रॅफिक: क्लच दर पाच सेकंदाला अर्धा दाबल्यासारखा घासतोय.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. चीनमध्ये २०१३ साली डीएसजीमुळे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी जगभरात १६ लाख गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं जाहीर झालं.

तिसरं कारण माझ्या धंद्याचं: सॉफ्टवेअर. २०१५ चा डिझेल घोटाळा आठवतो ना? चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारा कोड इंजिनात होता. त्या डिसेंबरात भारतातही समूहाने ३ लाख २३ हजारांच्या वर डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. त्यात स्कोडाच्याही होत्या. कुणीतरी इंजिनियरने तो कोड लिहिला, कुणीतरी मंजूर केला. दर वेळी डेडलाइनखाली "आत्ता चालेल, नंतर बघू" म्हणताना मला हे आठवतं.

तर एवढा इतिहास डोक्यात घेऊन मी गाड्या बघायला निघालो. शेजारच्या काकांना विचारलं, "काका, रविवारी माझ्यासोबत याल का?" ते आता रिटायर झालेत. म्हणाले, "येतो की रे. शेकड्यांनी जोडल्या, एकदा विकत घेणाऱ्याच्या बाजूनं पण बघू दे."

पहिली गाडी २.० टीडीआय. चकाचक. मीटरवर साठ हजार. किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी. कागद बघितले तर दिल्लीची. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात इतर राज्यांत येतात. त्यात गैर काही नाही. पण काकांनी ब्रेक पेडलचं रबर बघितलं, स्टिअरिंगचं लेदर बघितलं, ड्रायव्हर सीटची कड बघितली आणि हळूच म्हणाले, "हे साठ हजाराचं घासणं नाय." सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं तर विक्रेता म्हणाला, "सगळं बाहेर केलंय, बिलं ठेवली नाहीत." आम्ही चहा घेतला आणि निघालो.

दुसरी गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची. १.४ टीएसआय, मॅन्युअल. एक लाख दहा हजार किलोमीटर. बंपरला ओरखडे, एका दरवाज्याला चेप. पण सरांनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तारीख, किलोमीटर, पेनने लिहिलेली टिपणं. काकांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट आणि फेंडरमधल्या फटीवरून बोट फिरवलं. "हे मूळ आहे. खोललेलं नाय."

आता तुम्हीही जुनी युरोपियन सेडान बघत असाल तर माझं गणित सांगतो. एक, इंजिन आणि गिअरबॉक्सची नेमकी जोडी शोधा. नुसतं "ऑक्टाव्हिया" म्हणून निर्णय घेऊ नका. दोन, इंजिन रात्रभर थंड असताना स्टार्ट करायला सांगा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. तीन, डीएसजी असेल तर चढावर, ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालवा. हिसका, थरथर आली तर सोडा. चार, ओबीडी स्कॅनर लावून जुने एरर वाचा. पाच, गाडीच्या किमतीबाहेर दुरुस्तीसाठी एक रक्कम बाजूला ठेवा. ती नसेल, किंवा जवळ भरवशाचा मेकॅनिक नसेल, तर सरळ वॉरंटीवाली नवी छोटी सेडान घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. महिन्याचं बजेट घट्ट असताना जुनी युरोपियन गाडी घेणं म्हणजे शौक नाही, टेन्शन आहे.

मी सरांची गाडी घेतली. दिल्लीवालीपेक्षा पन्नास हजार जास्त देऊन, चेपेसकट. बाबा अजून नाराज आहेत. त्यांच्या मते माझी चूक झाली, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. दोन वर्षांनी खर्चाचा हिशोब सांगेन, तेव्हा कळेल कोण बरोबर होतं. ती फाइल मात्र आता माझ्या कपाटात आहे, आणि पहिलं बिल मी त्यात लावलंय.

घेतल्यावर पहिली चक्कर काकांना मारून आणली, शेंद्र्यापर्यंत. कारखान्याच्या गेटसमोर गाडी उभी केली. काका खाली उतरले नाहीत. चावी हातात देत मी म्हटलं, "काका, परतताना तुम्ही चालवा." वीस वर्षं त्यांनी त्या गाड्या लाइनवरून पुढे ढकलल्या होत्या. हायवेला एक ऑक्टाव्हिया त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा चालवली.

बास, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. काळजी घ्या, सीटबेल्ट लावा, भेटूच.